टॉवर चार्जिंगला गेलाय

४ फेब्रुवारी

ताई,

लिहिताना मी हसत होते का, असं तू दार लावता लावता विचारलंस. या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. बसमध्ये परत येताना सगळा रस्ता आठवून पाहिलं. टेबलावरचा गार झालेला चहा आठवतो, शेजारच्यांच्या मिक्सरचा आवाज आठवतो, पेपरातलं माझं सदर वेळेत जाणार म्हणून वाटलेलं हायसं आठवतं. माझा चेहरा कसा होता ते काही आठवत नाही.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. आईच्या फोनवर बोलावं तर ती म्हणते, "ती म्हणतेय कामात आहे," आणि मागे टीव्ही चालू असतो. म्हणून हे पत्र. पत्राला निळी टिक येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं. तू वाचलंस की नाही हे मला कळणार नाही, आणि मी बघत बसणार नाही.

एक गोष्ट आधी सांगते. 'नवे शब्द, रोजचे अर्थ' हे सदर मी कुणाची चेष्टा करायला सुरू केलं नव्हतं. कॉलेजच्या सुटीत दोन महिने तुझ्या लाँड्रीत अभ्र्यांच्या घड्या घातल्या, तेव्हा तुमचं बोलणं ऐकून मी चाट पडले होते. चादरींना इस्त्री करणारा रोलर वाफ सोडतोय, हॉटेलांच्या चादरींचे ढीग संपत नाहीत, आणि तुम्ही मोबाईलमधले शब्द उचलून ते स्वतःच्या मापाचे करून घालताय. साहेब ओरडत असताना मान डोलवायची आणि आत काही पोचू द्यायचं नाही, तो एअरप्लेन मोड. हात हलताहेत पण काम होत नाही, तो स्क्रीनसेव्हर. पगाराचा विषय निघाला की नवऱ्याला ऐकू येईनासं होतं, ती रेंज जाणं. बाथरूममध्ये नळ सोडून रडणं म्हणजे बफरिंग. आणि सुपरवायझर म्हणजे नोटिफिकेशन, कुणी बोलावलेलं नसताना समोर.

मला वाटलं, हे शब्द कुठल्याच कोशात नाहीत म्हणून ते बोलणाऱ्या बायकाही कुठे नाहीत असं व्हायला नको. मी खरंच असा विचार केला होता. तुला हे भाषण वाटेल.

ते सगळे शब्द मी छापले आणि कुणाचं काही बिघडलं नाही. उलट तूच दर आठवड्याला 'माझ्या बहिणीचं आलंय बघा' असं लिहून ते लाँड्रीच्या ग्रुपवर टाकत होतीस. नोटिफिकेशनचा अर्थ वाचून तो सुपरवायझर स्वतःच हसला होता. दोन दिवस दारात उभा राहून "टिंग" म्हणायचा, हे तूच मला सांगितलंस. मग 'चार्जिंग' छापलं तर एवढं काय होणार, असं वाटलं. तो छापू नको असं तू कधी म्हणाली नव्हतीस. शिवाय संपादकांना सगळं सविस्तर लागतं. वाचकाला चित्र दिसलं पाहिजे, असं त्यांचं नेहमीचं पालुपद.

तू म्हणालीस की तू तो मजकूर शेवटपर्यंत वाचलाच नाहीस, त्या आधीच सुपरवायझरची हाक आली. म्हणून इथे उतरवते :

'चार्जिंगला लावणे : चालू शिफ्टमध्ये थकलेल्या सोबतिणीला थोडा वेळ बसवून ठेवणे. चादरींच्या रोलरवर चौघी असतात. त्यांतली एक हळूच अभ्र्यांच्या रॅकमागे जाते आणि पालथ्या टबवर बसते. तिची जोडीदारीण चादरीची दोन्ही टोकं एकटीच हात फाकून धरते. याला विमान उडवणे म्हणतात. नोटिफिकेशन आलं, की रॅकमागची बाई अभ्र्यांची थप्पी हातात घेऊन बाहेर येते, जणू तीच आणायला गेली होती. वाक्यात उपयोग : टॉवर चार्जिंगला गेलाय, विमान उडव.'

यात लाँड्रीचं नाव नाही, गावाचं नाही, कुणाही बाईचं नाही. टॉवर हे काही नाव नव्हे. उंच बाईला कुठेही टॉवर म्हणत असतील.

टॉवरमावशीला कामावरून घरी बसवतील असं मला वाटलं नव्हतं. तिची चौकशी कधी आहे, तेवढं आईकडे सांगून ठेव.

तुझी धाकटी


११ फेब्रुवारी

ताई,

तू माझं पत्र फोडलंस, उभ्याउभ्या वाचलंस, पिठाच्या डब्याखाली ठेवलंस आणि कामावर गेलीस, एवढं आईकडून कळलं. "तुम्ही दोघी बोलत नाही आणि पोस्टमन मी," असं म्हणाली ती. आता तिची बातमी म्हणजे तुझ्याबद्दल मला कळणारी एकमेव गोष्ट, आणि तीही ती डाळ निवडता निवडता सांगते.

तिने सांगितलं ते असं. सुपरवायझरने माझा मजकूर रोलर थांबवून मोठ्याने वाचून दाखवला. वाचून झाल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या आणि अभ्र्यांचा रॅक दोन माणसं लावून भिंतीला चिकटवून टाकला. मावशीला त्याच दिवशी 'चौकशी होईपर्यंत येऊ नका' म्हणून कागद दिला. आणि परवा तुलाही नोटीस आली. संगनमत, असा शब्द आहे त्यात. आई तो शब्द मला अडखळत वाचून दाखवत होती, आणि मी तिला त्याचा अर्थ समजावत होते. अर्थ समजावण्याचंच तर मी काम करते.

तू मला दारातून परत पाठवलंस, ठीक. पण ताई, एक विचारू का? ते ग्रुपवर टाकलं कुणी? आमचं पान ज्या दिवशी येतं त्या दिवशी सकाळी तूच ते न वाचता टाकलंस. सुपरवायझर त्या ग्रुपमध्ये आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण टाकलं तू. मी नुसतं लिहिलं. ते त्याच्या हातात तू दिलंस. मग सगळी चूक माझी एकटीची कशी?

बास. राग आला की मी असंच बोलते, तुला माहीत आहे.

धाकटी


१२ फेब्रुवारी

ताई,

काल संध्याकाळी ते पत्र टाकलं आणि आज सकाळी पुन्हा पोस्टाच्या पेटीपाशी गेले. फटीतून हात आत जातो का पाहिलं. मनगटापर्यंत जातो. एक आजोबा बघत उभे होते. "काही पडलं का आत?" म्हणाले. मी म्हटलं, हो. "मग आता ते सरकारचं झालं," म्हणाले आणि आपलं पत्र टाकून निघून गेले.

ते पत्र तुला याच्या आधी मिळेल. मिळालं असेल. त्यात लिहिलं तसं मला वाटत नाही. तू न वाचता टाकत होतीस, कारण मी लिहिलेलं वाचून बघायची गरज तुला वाटत नव्हती. हीच तर गोष्ट आहे.

पहिल्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या. तुला त्या वाचतावाचताच कळल्या असणार.

तू सांगितलं होतंस. सुटीतला माझा शेवटचा दिवस होता, मागच्या जिन्यावर बसून आपण चहा पीत होतो. मी शब्द मोजत होते, कुठले कुठले वापरायचे ते. मावशी वरच्या पायरीवर बसली होती आणि तिच्या पायांवर सूज एवढी होती की चपलेच्या पट्ट्या मांसात रुतल्या होत्या. तू म्हणालीस, "हे बघ कॉलेज, चार्जिंग तेवढा नको हं. बाकी काय हवं ते ने." मी "हो ग" म्हटलं. मावशी हसून म्हणाली, "नेऊ दे ग, तिच्या बॅगेत मावला तर." आणि तू तिच्यावरच डाफरलीस, "तुला काय कळतंय, गप चहा पी."

मला सगळं आठवतं. तू कप कान तुटलेल्या बाजूने धरला होतास तेसुद्धा.

दुसरी गोष्ट. संपादकांनी सविस्तर लिही असं म्हटलं नव्हतं. उलट मजकूर वाचून त्यांनी फोन केला. "झकास आहे. पण यात कुणाचं नुकसान नाही ना?" असं विचारलं. मी म्हटलं, "नाही सर, हे असं सगळीकडेच चालतं." त्यांनी विचारलं होतं, ताई. त्या माणसाला मी बथ्थड समजते, त्याला ते सुचलं.

का छापला, हेही सांगते. त्या आठवड्यात माझ्याकडे शब्दच नव्हते. इथल्या ऑफिसात लोक जे बोलतात ते सगळं कुठून तरी आलेलं असतं. लोड घेऊ नको, कल्टी मार, डोक्याला शॉट आहे. हे सगळ्यांना माहीत आहे, यावर कुणी शाब्बास म्हणत नाही. माझ्या सदराला लोक 'अस्सल' म्हणत होते. संपादक मीटिंगमध्ये बाकीच्यांना म्हणाले होते, हिच्याकडे बघा, ही कानाने लिहिते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं. त्या खोलीत मी एकटीच अशी, की जिच्या घरात आधी कुणी पदवी घेतलेली नाही, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हीच माझी ताकद आहे. ताकद तुमची होती. मी फक्त ती घेऊन आले होते.

आणि मनाला समजावलं ते असं : हा शब्द विनोदी नाहीच, हा थोर शब्द आहे. चार बायका एकीला बसवता यावं म्हणून तिघींत चौघींचं काम करतात, हे जगाला कळलं पाहिजे. लोक वाचतील आणि नमस्कार करतील.

लोकांनी हसरे चेहरे पाठवले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारे. एकाने लिहिलं, आमच्या ऑफिसातही अशी एक कायम चार्जिंगला असते, तिचाही बंदोबस्त करायला हवा. त्याला दीडशे लोकांचा अंगठा होता.

आता मी ठरवलं आहे. पुढच्या सदरात विनोद नाही, सगळं खरं लिहायचं. मावशीच्या पायांचं, तिने तीस वर्षं उभं राहून केलेल्या कामाचं, तुम्ही तिला कसं सांभाळलंत त्याचं. ते वाचून त्या सुपरवायझरला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

तू काय म्हणतेस ते आईकडे सांग.

तुझी


२१ फेब्रुवारी

ताई,

तुझा निरोप पोचला. आईने तो जसाच्या तसा दिला : "अजून एक लेख लिहिलास तर पाय मोडीन." आई म्हणाली, "बघ, बोलली की नाही तुझ्याशी." तिला त्यात आनंद झाला. मलाही जरा झाला.

लेख लिहिला नाही. त्याऐवजी परवा मी मावशीकडे जाऊन आले. घरी आले नाही, तुला सांगितलं नाही, बसस्टँडवरून सरळ तिच्या खोलीवर आणि तिथून परत. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी बस थांबली तेव्हा मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसले.

मावशी दार उघडायला उठली नाही. "ढकल, उघडंच आहे," म्हणाली. पाय दुसऱ्या खुर्चीवर, खाली उशी. ती घरात असूनसुद्धा खोली इतकी नीट होती की मला भीती वाटली. लाँड्रीत आयुष्य घालवलेली बाई मोकळी बसली की काय करणार, सगळ्या कपड्यांच्या घड्या घालून ठेवल्या होत्या. हातपुसण्यांच्यासुद्धा.

"ये ग कॉलेज," म्हणाली. "मी व्हायरल झाले म्हणे."

मला रडू आलं. ती म्हणाली, "बफरिंग करायचं तर मोरीत जा, नळ आहे." मग मला हसू आलं, आणि हसल्याची लाज वाटली, आणि हे असं तिच्यासमोर बराच वेळ चाललं. ती वाट बघत होती.

मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली, असू दे वगैरे म्हणाली नाही. म्हणाली, "शब्द नेलास ते नेलास. पण माझं नाव घालायचं काय नडलं होतं? दुसरं काही लिहिता आलं असतं. पंखा चार्जिंगला गेला. बादली चार्जिंगला गेली."

मी म्हटलं, "ते टॉवर असलं की चांगलं वाटत होतं ग वाचायला."

"वाटणारच," म्हणाली. "मलाही वाटायचं, ऐकायला."

मग मी तिला माझा बेत सांगितला. चौकशीत जाऊन सगळं खरं सांगते, म्हटलं. तिच्या पायांच्या शिरांचं, डॉक्टरांनी उभं राहू नका सांगितल्याचं. माणूस आहे, दया येईल. ती एखाद्या मंद मुलीला समजावावं तशी बोलली.

"खरं सांगशील म्हणजे काय सांगशील? की मी आजारी आहे. आजारी बाई रोलरवर चालत नाही, नियमच आहे तो. बसून करायचं काम तिथे एकच, गेटावरच्या वहीचं, आणि तिथे साहेबाचा मेव्हणा बसतो. मग मला कुठे ठेवतील? तुझ्या शब्दकोशात?"

"मग ते काय म्हणताहेत?"

"ते म्हणताहेत मी कामचुकार आहे. ते बरं. ते त्यांना दाखवता येत नाही."

"म्हणजे?"

"अग, त्याने मला बसलेली कधी बघितलंच नाही. तुझ्या ताईने बघूच दिलं नाही. चार वर्षं. रोलरवरच्या चादरींचा आकडा कधी खाली आला नाही. त्यांच्याकडे पुरावा म्हणून एकच कागद आहे, तुझा. तोच फाइलला लावलाय. त्यात टॉवर आहे, आणि तुझ्या ताईची तू बहीण, म्हणजे आतून कळलेलं, खरंच असणार. बास, एवढंच."

चार वर्षं, ताई. मला वाटत होतं हे त्या सुटीच्या थोडं आधी सुरू झालं असेल. तू चार वर्षं विमान उडवत होतीस. तुझा उजवा खांदा दुखतो म्हणून तू आईकडून चोळून घ्यायचीस, आणि मी पलीकडे परीक्षेचा अभ्यास करत "हळू बोला ना जरा" म्हणायचे.

मी विचारलं, चौकशीत काढून टाकलं तर काय करशील. मावशी म्हणाली, शिस्तीवरून काढलेल्या बाईला दुसरी लाँड्री दारात उभी करत नाही, आणि या वयात दुसरं काही येत नाही. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "तुझ्या ताईलापण ओढलंय त्यात, त्याचं जास्त वाईट वाटतं. तिला मी तिथे आणली. दहावी झालेली पोरगी, चादर धरायची तर हात पुरत नव्हते. म्हणाली, मावशी, घरातली एक तरी शिकू दे, मला लाव कामाला. लावली."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं तुला शाळा आवडत नव्हती. तूच तसं म्हणायचीस.

निघताना तिने विचारलं, "लोक खरंच हसले का ग वाचून?"

मी म्हटलं, "खूप."

"मग ठीक," म्हणाली. "लिहिलंस बरं." आणि तोंड भिंतीकडे केलं.

धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र पोस्टाने पाठवत नाही. मी आज इथे आले आहे, आईच्या हातात देते आणि संध्याकाळच्या बसने परत जाते. तू शिफ्टवरून येशील तेव्हा मी गेलेली असेन. वाचून झालं की फाडून टाक. आईला नुसतं 'वाचलं' म्हण. ती चुलीतही घालायला निघेल, पण आपल्याकडे गॅस आहे हे तिच्या लक्षात आणून दे.

चौकशी उद्या आहे. तुला आत बोलावतील. बहिणीने हा शब्द तुझ्याकडून ऐकला का, असं विचारतील. तू नाही म्हण. लाँड्रीत असं काही चालतं का, असं विचारतील. माहीत नाही म्हण. मावशीलाही एवढंच सांग. जास्त काही समजावू नका, समजावण्यानेच हे सगळं झालं आहे. तुला खोटं बोलायला मी सांगते आहे. लहानपणी पाटी फुटली ती मांजराने फोडली असं तू म्हणालीस, तेव्हा तुझं खोटं आईला जाऊन सांगणारी मीच होते, आणि त्याबद्दल मला अभिमान होता.

परवा आई फोनवर म्हणत होती, तुम्ही सगळ्या आता रोलरवर गप्प असता म्हणून. नोटिफिकेशन, चार्जिंग, काही नाही. तो सुपरवायझरच मुद्दाम ते शब्द बोलून दाखवतो आणि कुणी हसत नाही. मला वाटलं, शब्द मेले, मी मारले. मग आई म्हणाली, "पण काल तुझी ताई फोनवर कुणाला तरी काहीतरी म्हणाली आणि अशी हसली, कितीतरी दिवसांनी. काय बरं तो शब्द, थांब हं, त्याचा अर्थ म्हणे..."

मी म्हटलं, "आई, नको सांगूस."

"अग, गंमत आहे."

"असू दे. मला नको."

आई म्हणाली, "बरं वाटत नाही का तुला?" कानांवर हात ठेवून बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, तिला ते विचित्रच वाटलं असणार.

आता मी काय केलं ते. विचारून केलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस किंवा काहीच म्हणाली नसतीस, आणि दोन्हींतलं मला काही चाललं नसतं.

एक अर्ज लिहिला. त्यात लिहिलं, की 'चार्जिंगला लावणे' हा शब्द, त्याचा अर्थ, रॅक, पालथा टब, अभ्र्यांची थप्पी, विमान आणि टॉवर हे सर्व मी माझ्या मनाने रचलं आहे. मी त्या लाँड्रीत फक्त एका सुटीत, वेगळ्या मजल्यावर, अभ्र्यांच्या कामाला होते. रोलरवर काय चालतं ते मी पाहिलेलं नाही आणि मला कुणी सांगितलेलं नाही. मजकूर मनोरंजक व्हावा म्हणून तो खरा असल्याचा आव आणला. माझ्या थोरल्या बहिणीचा त्याच्याशी संबंध नाही. मी पत्रकार म्हणून चूक केली आहे. खाली पूर्ण नाव, सही.

एकच शब्द रचला म्हटलं तर ते विचारतील, मग बाकीचे खरे कसे. नोटिफिकेशन खरा असेल तर चार्जिंगही खरा. म्हणून पुढे लिहिलं, की त्या सदरातला कुठलाही शब्द मी प्रत्यक्ष ऐकलेला नाही. पहिल्या आठवड्यापासूनचे सगळे.

हेच संपादकांना पाठवलं आणि सदराच्या जागी छापा म्हटलं. त्यांनी फोन केला. म्हणाले, "हे खरं आहे का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटत नाही. पण तू लिहून दिलंयस, मला छापावं लागेल." मग म्हणाले, "ते पुस्तकाचं आता विसर." पुस्तकाचं तुला सांगितलं नव्हतं. सदराचं पुस्तक निघणार होतं, तुला अचानक आणून द्यायचं होतं. पहिल्या पानावर काय लिहायचं तेही ठरलं होतं. ते आता सांगत नाही.

आज ते छापून आलं आहे. आतल्या पानात, खाली उजवीकडे, चौकटीत. ग्रुपवर टाकायचं असेल तर या वेळी वाचून टाक.

ऑफिसात मी आहे अजून. बातम्यांचं शुद्धलेखन तपासायला बसवलं आहे. मीटिंगला बोलावत नाहीत. कालच एकजण दुसऱ्याला म्हणाला, "ही फेकते हं, जपून," आणि मी एअरप्लेन मोडवर गेले. चांगला शब्द आहे, ताई. खरंच उपयोगी आहे.

छापलेलं कात्रण आणि अर्ज दोन्ही घेऊन आज दुपारी मी तुमच्या लाँड्रीच्या कचेरीत गेले. तू तेव्हा आत रोलरवर होतीस, भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. चौकशीचं काम बघणारा कारकून एकटाच होता. त्याने अर्ज पूर्ण वाचला, फाइल काढली, माझा जुना मजकूर काढून त्यावर हा ठेवला आणि टाचणी लावली. मग दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारताना माझ्याकडे वर बघून म्हणाला, "आमची मिसेस दर आठवड्याला वाचायची हो तुमचं. मोठ्यांदा वाचून दाखवायची. म्हणजे ते सगळंच खोटं होतं?"

"हो," मी म्हटलं. "सगळंच."